15 हजारांचा फोन आणि पाणी: खानदेशातल्या वापरासाठी सविस्तर मार्गदर्शन

फोन विकत घेताना त्याचं आयपी रेटिंग, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा आकडा, नीट बघा, आणि घरी आणल्यावर ते रेटिंग नाहीच असं धरून वापरा. पुढे जे काही सांगणार आहे त्याचं मूळ एवढंच आहे.

जाहिरातीत फोन मत्स्यालयात बुडवतात, नळाखाली धरतात. आपल्याकडे फोनला पाणी लागतं ते वेगळ्या वाटेनं. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासताना ओल्या हातानं फोन उचलावा लागतो. फवारणीचा पंप पाठीवर असतो आणि फोन शर्टाच्या खिशात असतो. रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला गेलं की अंधारात फोन चारीत पडतो. जून-जुलैत मोटारसायकलवर अमळनेरहून चोपड्याला निघालं की मधेच सर गाठते. शिवाय पावसाआधी दोन-अडीच महिने 43-45 अंशांचं ऊन आणि धूळ फोननं सोसलेली असते, त्या उन्हाचाही पाण्याशी थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

आधी डब्यावरचा आकडा वाचा

आयपी रेटिंग हे आयईसी 60529 या आंतरराष्ट्रीय मानकावरून ठरतं. त्यात दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, 0 ते 6. दुसरा पाण्यासाठी, 0 ते 9. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी जाहीर केलेली नाही, एवढाच अर्थ घ्यायचा.

धुळीचा आकडा 5 असेल तर थोडी धूळ आत जाऊ शकते, पण काम बिघडण्याइतकी नाही. 6 म्हणजे धूळ आत जातच नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर किंवा कच्च्या रस्त्यावर रोजचं काम असेल तर 5 आणि 6 मधला फरक तुमच्या उपयोगाचा आहे.

पाण्याचा आकडा जरा सावकाश समजून घ्या. 2 म्हणजे वरून टपकणारं पाणी, तेही फोन फक्त 15 अंश कललेला असताना. 3 म्हणजे वरून तिरपा, 60 अंशांपर्यंतचा फवारा. 4 म्हणजे कोणत्याही बाजूनं उडालेलं पाणी. इथपर्यंत फोनवर पाण्याचा जोर येतच नाही. 5 च्या चाचणीत मिनिटाला 12.5 लिटर पाण्याची धार मारतात, 6 मध्ये ती मिनिटाला 100 लिटरची असते. 7 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. 8 म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आयपी 68 फोन सारखे असतीलच असं नाही. 9 म्हणजे सुमारे 80 अंश गरम पाण्याचा, जवळून मारलेला अति दाबाचा फवारा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 6 पर्यंतचे आकडे चढत्या क्रमानं मोजता येतात, म्हणजे 5 वाला फोन 4 ची चाचणी पार करतो असं धरता येतं. 7 आणि 8 बुडवण्याच्या चाचण्या आहेत, धारेच्या नाहीत. नुसतं आयपी 68 लिहिलेला फोन जोराच्या धारेखाली टिकेल अशी हमी त्या आकड्यात नाही. दोन्ही हवं असेल तर डब्यावर किंवा कंपनीच्या साईटवर दोन्ही आकडे छापलेले दिसले पाहिजेत, उदाहरणार्थ आयपी 66 आणि आयपी 68.

‘वॉटर रिपेलंट’, ‘स्प्लॅश प्रूफ’, ‘रेनवॉटर टच’ हे शब्द रेटिंग नव्हेत. ‘रेनवॉटर टच’चा अर्थ इतकाच की स्क्रीनवर थेंब असले तरी बोटाचा स्पर्श ओळखला जातो. पाणी आत जाणार नाही, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. दुकानदारानं हे शब्द सांगितले की शांतपणे आकडा विचारा.

तुमच्या कामाला कोणता आकडा लागतो

2016 साली आयफोन 7 ला आयपी 67 मिळालं तेव्हा ती महागड्या फोनची गोष्ट होती. डिसेंबर 2024 मध्ये रियलमी 14एक्स हा आयपी 69 चा फोन 14,999 रुपयांपासून बाजारात आला. मधल्या काळात स्वस्त फोनमध्ये सगळे प्रकार दिसू लागले. मोटोरोलाच्या जी मालिकेत आयपी 52 चे बरेच फोन आले, रेडमी नोट 13 आणि सॅमसंगचा गॅलेक्सी ए16 5जी हे आयपी 54 चे. नावावर जाऊ नका. रेडमी नोट 13 प्रो आयपी 54 चा आहे आणि त्याचाच भाऊ प्रो प्लस आयपी 68 चा. एका शब्दानं एवढा फरक पडतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. घर, ऑफिस, कॉलेज, एसटीचा प्रवास एवढाच वापर असेल तर आयपी 54 पुरे. उरलेले पैसे मेमरी किंवा बॅटरीवर खर्च करा. शेतात रोज जाणारा, दूध घालणारा, मोटारसायकलवर माल पोचवणारा माणूस असेल तर आयपी 64 किंवा 65 च्या खाली उतरू नये. विहीर, नदी, शेततळं यांच्याशी रोजचा संबंध असेल तर 67 किंवा 68 शोधा. 69 चा आकडा जाहिरातीत भारी दिसतो, पण निव्वळ त्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजायची गरज मला वाटत नाही, कारण 80 अंशांच्या दाबाच्या फवाऱ्याखाली आपण फोन धरत नाही.

आयपी 52 ला मी पावसाळ्याच्या दृष्टीनं रेटिंग नसल्यासारखंच धरतो. आपल्याकडचा पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो, आणि त्या चाचणीत पाणी फक्त वरून टपकतं.

दुकानात काय बघायचं

आधी फोनच्या कंपनीच्या साईटवर त्या नेमक्या मॉडेलचं पान उघडा आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी आढळतील: चाचणी प्रयोगशाळेत नव्या फोनवर झाली, वापरानं हा गुण कमी होत जातो, आणि पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या गुणाची जाहिरात होते, तो गुण फसला तर खर्च तुमचाच.

मग सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. चांगल्या सीलच्या फोनमध्ये ट्रेच्या तोंडाशी बारीक रबरी कडं असतं, बहुतेकदा लाल, काळं किंवा करडं. बोटाच्या टोकानं अलगद चाचपलं की जाणवतं. हे कडं नसेल तर ट्रेच्या फटीतून पाणी सरळ आत जातं. ट्रे परत घालताना तो शेवटी किंचित अडून मग बसला पाहिजे, कारण रबर दाबलं जातं. कडं आहे म्हणून रेटिंग आहे असं मात्र समजू नका. आकडा छापलेलाच हवा.

जुना किंवा ‘रिफर्बिश्ड’ फोन घेत असाल तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पाण्याच्या बाबतीत त्याला शून्य गुण द्या.

विमा घेत असाल तर त्यात ‘लिक्विड डॅमेज’ हा शब्द आहे का आणि दाव्याच्या वेळी खिशातून किती भरावं लागेल, हे लेखी बघा. नुसता ‘स्क्रीन प्रोटेक्शन’ प्लॅन पाण्याला चालत नाही.

पाणी अडतं कसं, आणि आपला उन्हाळा त्याचं काय करतो

फोनची काच आणि मागचं पॅनल स्क्रूनं नव्हे, चिकट पट्टीनं बसवलेलं असतं. ही पट्टी फोनच्या कडेनं सलग फिरते. सिम ट्रे, चार्जिंगचं तोंड आणि बटणं यांना बारीक रबर असतं. स्पीकर आणि माईकच्या भोकांवर दाट जाळी किंवा पातळ पडदा असतो, जो हवा जाऊ देतो पण पाण्याचा थेंब अडवतो. आयपी 52-54 च्या पुष्कळ फोनांत रबर मोजक्याच ठिकाणी असतं आणि उरलेलं काम पाणी झटकणाऱ्या लेपावर सोडलेलं असतं.

कुकरची रिंग आठवा. नवी असते तेव्हा घट्ट बसते, उष्णता खाऊन खाऊन कडक होते आणि मग बाजूनं वाफ सोडते. फोनमधलं रबर आणि चिकट पट्टी यांचंही तसंच होतं. बऱ्याच कंपन्या फोन 0 ते 35 अंशांत वापरा असं सांगतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच 45 अंश असतात. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पेट्रोलच्या टाकीवरच्या पारदर्शक पाऊचमध्ये तापमान त्याहून किती तरी वर जातं. एक उन्हाळा असा काढलेल्या फोनचं जूनमधलं सील नव्या फोनसारखं राहत नाही.

उष्णतेचा दुसरा धोका याहून मोठा आहे. तापलेल्या फोनमधली हवा गार पाण्यात पडताच आक्रसते आणि आतला दाब कमी होतो. फोन 50 अंशांना असेल आणि विहिरीचं पाणी 25 अंशांचं, तर सीलबंद फोनच्या आतला दाब सुमारे पावणेआठ टक्क्यांनी उतरू शकतो. हिशोब केला तर फोन आहे त्यापेक्षा जवळजवळ 80 सेंटिमीटर जास्त खोल गेल्यासारखा हा ताण असतो. बुडवण्याच्या प्रमाणित चाचणीत फोन आणि पाणी यांच्या तापमानात जास्त फरक ठेवतच नाहीत. त्यामुळे भर उन्हात तापलेला फोन ओल्या हातानं धरू नका आणि नळाखाली तर मुळीच नेऊ नका. आधी सावलीत निवू द्या.

साधं पाणी वेगळं, आपलं पाणी वेगळं

चाचणी स्वच्छ, गोड्या, साध्या तापमानाच्या पाण्यात होते. आपल्या रोजच्या पाण्यात काय काय असतं ते बघा.

फवारणीच्या द्रावणात आपण ‘स्टिकर’ टाकतो, औषध पानावर पसरावं म्हणून. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, म्हणूनच पानावर थेंब न राहता पातळ थर पसरतो. नेमकं हेच फोनला घातक आहे. ज्या जाळीवर साधा थेंब अडून बसतो, तिच्यातून हे पाणी सहज झिरपतं. कपड्याचा साबण, भांड्याचं लिक्विड, शाम्पू यांचंही तसंच. फवारणी करताना फोन अंगावर ठेवूच नका. बांधावर झाडाच्या सावलीत, पिशवीत ठेवा. औषधाचा हात फोनला आणि तोच फोन गालाला लागणं हे तब्येतीलाही वाईट.

ठिबकमधून खत सोडतो तेव्हाचं पाणी आणि बोअरचं जड पाणी यांत क्षार जास्त असतात. क्षार जास्त म्हणजे वीज जास्त वाहते, आणि बोर्डवरचं तांबं लवकर खाल्लं जातं. पाणी सुकलं तरी क्षार आत राहतात. केळीचा चीक हा तर वेगळाच त्रास. तो स्पीकरच्या जाळीवर सुकला की आवाज दबतो, आणि पिन घालून तो खरवडण्याच्या नादात जाळी फाटते. ओल्या मऊ ब्रशनं, फोन उपडा धरून, ताजा असतानाच पुसा.

अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याच्या कुंडापाशी फोन घेऊन उतरू नका. गरम पाणी आणि वाफ यांची हमी साध्या 67-68 मध्ये नाही. मनुदेवीच्या धबधब्याखाली पाण्याला जोर असतो, तिथे 54 चा काही उपयोग नाही. कानबाईच्या विसर्जनाला नदीत उतरून व्हिडिओ काढायचा असेल तर फोन पाऊचमध्ये घालूनच काढा. श्रावणात नदीचं पाणी गढूळ असतं आणि गर्दीत धक्का लागतोच.

100-150 रुपयांचं पाऊच, पण आधी तपासून

स्वस्त फोनसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही गळ्यात अडकवायचं पारदर्शक पाऊच हाच आहे. ते घेतलं की लगेच फोन घालू नका. आत टिश्यू पेपरची घडी किंवा वहीचा कोरा कागद ठेवा, बंद करा, बादलीत दगड ठेवून अर्धा तास बुडवून ठेवा. बाहेर काढून पाऊच आधी कोरडं पुसा, मग उघडा. कागद कोरडा असेल तरच ते वापरायचं. ही चाचणी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करा, कारण घडीच्या जागी प्लास्टिक चिरतं.

पाऊचमधून क्यूआर स्कॅन होतो, पिन टाकता येतो, फोनही उचलता येतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र बरेचदा चालत नाही, म्हणून पिन पाठ हवा. पाऊच बंद करताना आत ओला हात गेला नाही ना, बघा. आतली ओल उन्हात वाफ होऊन काचेवर जमते. आणि पाऊचमधला फोन उन्हात ठेवायचा नाही, तो आतल्या आत भाजतो.

पाऊच नसेल तर दुधाची स्वच्छ धुऊन वाळवलेली पिशवी, तोंडाला दोन वेढे आणि रबरबँड. एका सरीपुरतं भागतं.

फोन एकदा खोलला की

फोल्डर (स्क्रीनचा अख्खा संच) बदलला, बॅटरी बदलली, मागचं पॅनल उघडलं, की कारखान्यातली चिकट पट्टी गेली. दुरुस्तीवाला बहुतेकदा बी-7000 गमनं फोन परत चिकटवतो. काच घट्ट बसते, पण कडेनं गम सलग लागला की नाही हे कुणी तपासत नाही. फोन देतानाच सांगा की त्या मॉडेलची कापून आलेली पट्टी लावा, जुना गम पूर्ण काढा, आणि सिम ट्रेचं रबर हरवू नका. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या मोठ्या मोबाईल बाजारात अशी पट्टी मागून बघायला हरकत नाही. ती लावली तरी रेटिंग परत आलं असं समजू नका. पडून कोपऱ्याला तडा गेलेल्या फोनलाही हाच नियम.

फोन पाण्यात पडलाच तर, या क्रमानं

लगेच बाहेर काढा आणि बंद करा. पाण्यानं तितकं बिघडत नाही, जितकं पाणी आत असताना चालू असलेल्या विजेनं बिघडतं. आजकालच्या बऱ्याच फोनांत पॉवरचं बटण दाबून धरलं की असिस्टंट उघडतो, आणि बंद करायला पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकत्र दाबावं लागतं. तुमच्या फोनमध्ये काय आहे ते आत्ता, कोरड्यात करून बघा. साधा की-पॅडचा फोन असेल तर सरळ बॅटरी काढा.

चार्जिंगला लागलेला फोन ओला झाला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग वायर. हात कोरडे करा, पायात चप्पल असू द्या.

मग कव्हर काढा. बाहेरून सुती कापडानं पुसून घ्या. सिमचा ट्रे शेवटी काढा, फोनचं बाहेरचं पाणी पूर्ण पुसल्यावर, नाहीतर ट्रेच्या वाटेनं नवीन पाणी आत जातं. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा. जोरात झटकू नका, पाणी बोर्डाखाली सरकतं.

पाणी साबणाचं, खताचं, चिखलाचं असेल आणि फोन 67-68 चा, न खोललेला, न फुटलेला असेल, तर स्वच्छ पाणी अलगद ओतून बाहेरून धुवा आणि पुसा. 54 किंवा त्याखालचा असेल तर ओतू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आता घरात कुणीतरी हमखास म्हणेल, “तांदूयमा ठेवी दे.” ठेवू नका. तांदूळ बोर्डाखालचं पाणी ओढत नाही. उलट त्याची भुकटी आणि कण्या चार्जिंगच्या तोंडात जातात. ॲपलनं तर आपल्या सूचनांत तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. हेअर ड्रायर नको, सायकलच्या दुकानातला हवेचा पंप नको, गच्चीवरचं ऊन नको, चुलीजवळची ऊबही नको. फोन उभा, चार्जिंगचं तोंड खाली करून, पंख्याच्या वाऱ्यात सावलीत ठेवा. किमान 24 तास, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याहून जास्त.

या काळात चार्जर लावायचा नाही. ‘ओलावा आढळला’ अशी सूचना स्क्रीनवर आली आणि खाली ‘तरीही चार्ज करा’ असा पर्याय दिसला तर तो दाबू नका. ओल्या पिनमधून वीज गेली की त्या काळ्या-हिरव्या पडतात, आणि मग सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंगच्या तोंडाचा छोटा बोर्ड, बदलावा लागतो.

रेटिंग नसलेला फोन पूर्ण बुडाला असेल, किंवा पाणी क्षाराचं, साबणाचं, औषधाचं असेल, तर वाळायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी, बंद अवस्थेतच, जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्याला विचारा की बोर्ड बाहेर काढून, वरचे पत्रे उचलून आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुणार का. नुसती ‘हवा मारून’ आणि हीट गन फिरवून देणार असेल तर दुसरं दुकान बघा, कारण क्षार तिथेच राहतात आणि आठ-पंधरा दिवसांत फोन डेड होऊ शकतो. ओल्या फोनमधला डेटा महत्त्वाचा असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे फोन चालू होताच पहिलं काम फोटो आणि कागदपत्रं काढून घेण्याचं होईल.

वॉरंटीतला फोन असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच फोनांत पाणी लागलं की पांढऱ्याचा लाल होणारा बारीक ठिपका आत चिकटवलेला असतो. सर्व्हिस सेंटरवाले तो बघतात. पाणी लागलं नाही असं सांगून उपयोग नाही. खरं सांगितलं तर निदान दुरुस्ती योग्य दिशेनं होते.

सिम कार्ड पाण्यानं सहसा मरत नाही. पुसून, वाळवून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे ओटीपी आणि केळीच्या व्यापाऱ्याचे फोन चालू राहतील. यूपीआय नव्या फोनवर सुरू करायला तेच सिम लागतं, नंबरची पडताळणी पुन्हा होते. शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये तुमचा एकच नंबर नोंदवलेला असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबरही त्यात आजच टाकून ठेवा.

फोन दुरुस्त होऊन आला की पुढचे काही आठवडे मागचं पॅनल रोज बोटानं दाबून बघा. ते वर आल्यासारखं वाटलं, कडेला फट दिसली किंवा चार्जिंगला फोन नेहमीपेक्षा जास्त तापू लागला, तर बॅटरी फुगते आहे. तो चार्जिंगवरून काढा, उशाशी ठेवू नका आणि बॅटरी बदलून घ्या.